रूळ कोणाचे, ऊस कोणाचा? – क्युबाच्या उसाच्या आगगाड्यांची गोष्ट



हंगाम ऐन भरात आला की आपल्या घराघरांत एकच बोलणे असते. तोड मिळाली का? तोड मिळाली तर गाडी मिळाली का? गाडी भरली तर काट्यावर नंबर कधी लागणार? फडात तुटून पडलेला ऊस म्हणजे काढून ठेवलेले दूध. वेळेवर तापवले तर ठीक, नाहीतर नासले. कोयता लागल्यापासून उसाचे वजन घटू लागते, आतल्या साखरेची प्रत बिघडू लागते. एक-दोन दिवस ऊन खाल्ले की काटाही आपल्या बाजूने बोलत नाही आणि प्रयोगशाळाही नाही. ऊस पिकवला म्हणजे काम झाले असे नव्हे. तो ताजा गव्हाणीत पडला पाहिजे.

हीच चिंता सातासमुद्रापलीकडच्या क्युबा नावाच्या बेटावर दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी होती. तिथल्या लोकांनी तिच्यावर तोडगा काढला तो आगगाडीचा. उसाच्या मळ्यांतून रूळ टाकले, त्यावर वाफेची इंजिने सोडली, आणि ती इंजिने एकविसावे शतक उजाडेपर्यंत चालवली. ही इंजिनांची गोष्ट वाचायला गमतीची आहे. पण तिच्या पोटात दुसरी एक गोष्ट आहे. ऊस वाहून नेणारी वाट ज्याच्या हातात, उसाचा भावही त्याच्याच हातात कसा जातो, ही ती गोष्ट. सभासदांनी ती जरूर वाचावी.

बैलगाडीची हद्द

क्युबा हे कॅरिबियन समुद्रातले सर्वांत मोठे बेट. लांबी सुमारे बाराशे किलोमीटर, पण रुंदी कमी. एकंदर क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. जमीन सुपीक, पाऊस भरपूर, हवा उसाला मानवणारी. स्पेनच्या राजवटीत इथे उसाचे मळे वाढले ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. ही गुलामगिरी तिथे कायद्याने संपली ती थेट १८८६ साली. म्हणजे त्या साखरेचा इतिहास गोड नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

त्या काळी प्रत्येक मळेवाल्याचा स्वतःचा लहान कारखाना असे. त्याला तिथे ‘इन्हेनियो’ म्हणत. ऊस बैलगाडीतून येई. आता बैल चालून चालून किती चालणार? पावसात तांबड्या मातीत चाके रुतत. चार-पाच मैलांच्या पलीकडचा ऊस कारखान्यापर्यंत येईतो सुकून जाई. म्हणून कारखाना मोठा करायचा म्हटले तरी करता येत नसे. चरक कितीही मोठा आणला तरी त्याच्या तोंडात घालायला ताजा ऊस आणायचा कोठून? कारखान्याची हद्द बैलाच्या चालीने ठरत होती.

तयार साखर बंदरापर्यंत नेणे हेही तसेच जिकिरीचे. म्हणून हवानाच्या आसपासच्या मळेवाल्यांनी आगगाडीचा ध्यास घेतला. लंडनहून कर्ज उभारले, अमेरिकेहून इंजिनिअर आणला आणि १९ नोव्हेंबर १८३७ रोजी हवाना ते बेहुकाल ही गाडी सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती गुइनेस या उसाच्या पट्ट्यापर्यंत पोहोचली. तारीख लक्षात घ्या. आपली बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली १८५३ साली. खुद्द स्पेनच्या भूमीवर पहिली आगगाडी धावली १८४८ साली. म्हणजे राज्यकर्त्यांच्या देशाआधी अकरा वर्षे त्यांच्या वसाहतीत रेल्वे आली. कशासाठी? माणसांच्या सोयीसाठी नव्हे, साखरेसाठी. तो मार्ग खोदताना गुलाम, कैदी, आयर्लंडहून आणि कॅनरी बेटांवरून आलेले मजूर असे कितीतरी लोक राबले.

रूळ मळ्यात शिरले

ही पहिली रेल्वे साखर नेण्यासाठी होती. ऊस आणण्यासाठी नव्हती. खरा बदल झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांत. पोलाद स्वस्त झाले, त्याबरोबर रूळ स्वस्त झाले. उचलून दुसरीकडे टाकता येतील असे हलके रूळही निघाले. मग रूळ थेट उसाच्या फडापर्यंत नेता येऊ लागले.

एकदा हे झाल्यावर बैलाची हद्द संपली. दहा-वीस मैलांवरचा ऊसही त्याच दिवशी गव्हाणीत पडू लागला. मग मोठी यंत्रसामग्री परवडू लागली आणि प्रचंड कारखाने उभे राहिले. या मोठ्या कारखान्याला तिथे नाव पडले ‘सेंत्राल’, म्हणजे मध्यवर्ती कारखाना. लहान इन्हेनियो भराभर बंद पडले. १८६० च्या सुमारास क्युबात तेराशेंहून अधिक कारखाने होते. १८९९ मध्ये ते दोनशेच्या आसपास उरले. त्यात युद्धाने झालेली नासधूस होती हे खरे. पण बरेचसे काम रुळांनी आणि मोठ्या चरकांनी केले.

ज्यांचे लहान कारखाने बंद पडले त्यांचे काय झाले? ते नुसते ऊस पिकवणारे शेतकरी झाले. त्यांच्याबरोबर नवे शेतकरीही आले. काहींची जमीन स्वतःची, तर पुष्कळांची कारखान्याकडून खंडाने घेतलेली. या ऊस उत्पादकाला तिथे ‘कोलोनो’ म्हणत. कोलोनो ऊस पिकवणार, सेंत्राल तो गाळणार. उसाचे मोल पैशात न ठरवता साखरेत ठरे. शंभर आरोबा ऊस दिला तर त्याबद्दल इतक्या आरोबा साखरेची किंमत. आरोबा म्हणजे साधारण साडेअकरा किलोचे तिथले माप. आपल्या उताऱ्याच्या हिशेबाशी ओळख असलेल्या सभासदाला हे लगेच कळेल.

इंजिनाचा दिवस

आता जरा इंजिनांकडे वळू.

क्युबाच्या मळ्यांतली बहुतेक इंजिने अमेरिकेतली आणि त्यातलीही फार मोठी संख्या फिलाडेल्फिया शहरातल्या बाल्डविन कारखान्याची. हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. गोल नाकावर तारा असलेले, एक्स्प्रेस गाड्या ओढणारे आपल्या रेल्वेचे डब्ल्यू. पी. इंजिन जुन्या मंडळींनी पाहिले असेल. त्या जातीची पहिली १६ इंजिने १९४७ साली बाल्डविननेच बनवून पाठवली होती. क्युबातली इंजिने मात्र त्याहून लहान आणि हलकी. पुढे दोन छोटी चाके, मागे ओढणारी सहा किंवा आठ मोठी चाके, पाठीला पाण्याची-तेलाची गाडी, छपरापुढे पितळी घंटा आणि पुढे भला मोठा दिवा. कारखान्याच्या आवारात फिरायला त्याहून लहान इंजिने. त्यांच्या बॉयलरवरच खोगिरासारखी पाण्याची टाकी बसवलेली. काही कारखान्यांचे रूळ सरकारी रेल्वेच्याच मापाचे, म्हणजे चार फूट साडेआठ इंच. काहींचे तीन फुटांचे, काहींचे अडीच फुटांचे.

हंगामात दिवसाचे कामकाज असे चाले. तोडणीवाला लांब पात्याच्या सुऱ्याने ऊस तोडी. बैलगाडीतून तो फडातून जवळच्या रुळापर्यंत येई. तिथे मुख्य मार्गातून एक फाटा काढलेला असे, त्याला ‘चुचो’ म्हणत. चुचोवर मोळ्या उचलणारी यारी असे. गाडीतला ऊस साखळीने बांधून यारीने उचलायचा आणि वाघिणीत टाकायचा. वाघिणीच्या बाजू गजांच्या, म्हणून तिला नाव ‘हाउला’, म्हणजे पिंजरा. इंजिन कारखान्यातून रिकाम्या वाघिणी घेऊन निघे, चुचोवर त्या सोडी, भरलेल्या जोडून घेई आणि परत फिरे. एका चुचोवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, दिवसरात्र. कारखान्यात वाघीण काट्यावर चढे, वजन होई, मग ती कलवून ऊस गव्हाणीत ओतला जाई. पुढे १९६० नंतर तिथे तोडणीची पद्धत बदलली. उसाचे तुकडे आणि पाचट हवेच्या झोताने वेगळे करणारी केंद्रे मळ्यांत उभी राहिली आणि ऊस तिथूनच वाघिणीत पडू लागला. इंजिने मात्र तीच राहिली.

जळण हा मोठा प्रश्न होता. सुरुवातीला लाकूड आणि कोळसा. लाकडाच्या इंजिनाच्या धुराड्यातून ठिणग्या उडतात आणि दोन्ही बाजूंना वाळलेल्या पाचटाचा ऊस! एक ठिणगी पडली तर पाहता पाहता सगळा फड पेटायचा. म्हणून धुराड्यावर जाळी बसवत. पुढे क्युबात जाड काळे तेल जाळण्याची पद्धत पडली. तेलाचा फवारा वाफेच्या जोराने भट्टीत मारायचा. फायरमनचे फावडे सुटले, पण डोळा सुटला नाही. तेल जास्त झाले तर काळा धूर, कमी झाले तर वाफ उतरली.

याहून मजेची गोष्ट म्हणजे काही कारखान्यांच्या आवारात आगच नसलेली इंजिने होती. अशा इंजिनाला भट्टी नाही, धुराडे नाही. पोटात नुसती मोठी जाड टाकी. कारखान्याच्या बॉयलरला नळी जोडायची आणि टाकीत कढत पाणी व वाफ दाबून भरून घ्यायची. तेवढ्या वाफेवर ते पुष्कळ वेळ वाघिणी ढकलत राही. वाफ संपली की पुन्हा बॉयलरपाशी. बगॅसचा ढीग, अल्कोहोलची टाकी यांच्याजवळ ठिणगी नको, म्हणून हा उपाय. आणि बॉयलरमध्ये जळतो तो बगॅसच, म्हणजे जळणाचा वेगळा खर्च नाही. आपल्या बॉयलर विभागातल्या मंडळींना हे ऐकून गंमत वाटेल.

एकाच दाराची वाट

आता पोटातली गोष्ट.

सुरुवातीला रुळांमुळे कोलोनोचा फायदाच झाला. ज्याचे शेत सार्वजनिक रेल्वेच्या कडेला होते, त्याला दोन-तीन कारखाने खुले असत. एकाने कमी दिले तर तो म्हणे, “राहू द्या, माझी वाघीण पुढच्या कारखान्याला जाऊ द्या.” कारखान्यांनाच उसाची गरज, त्यामुळे भाव वाढवून द्यावा लागे.

कारखानदारांनी यावर उपाय शोधला. त्यांनी स्वतःचे खाजगी रूळ टाकायला सुरुवात केली. १८९८ नंतर अमेरिकन भांडवल लोटले आणि बेटाच्या पूर्व भागात अफाट जमिनी घेऊन प्रचंड सेंत्राल उभे राहिले. त्यांच्या रुळांचे जाळे रानातून दूरदूर गेले. त्यांची स्वतःची बंदरेही होती. कालांतराने अशी वेळ आली की साऱ्या देशातल्या सार्वजनिक रेल्वेपेक्षा साखर कारखान्यांच्या रुळांची लांबी जास्त भरू लागली.

खाजगी रूळ म्हणजे काय ते नीट पाहा. कोलोनोच्या बांधाला रूळ लागला, पण तो रूळ एकाच कारखान्याला जातो. इंजिन कारखान्याचे, वाघीण कारखान्याची, चुचोही कारखान्याचा, काटाही कारखान्याचाच. दुसऱ्या कारखान्याने जास्त भाव देऊ केला, तरी ऊस तिकडे न्यायचा कसा? बैलगाडीने? तोवर ऊस वाळतो. म्हणजे शेत माझे, ऊस माझा, घाम माझा. पण दार एकच आणि त्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. वाघिणी वेळेवर आल्या नाहीत तर तोडलेला ऊस चुचोवर सुकायचा, आणि वाघिणी कोणाला आधी द्यायच्या हे कारखाना ठरवणार. तोंड उघडणाऱ्याची पाळी मागे गेली तर दाद मागायची कोणाकडे?

क्युबाचे इतिहासकार रामिरो गुएर्रा यांनी १९२७ साली साखर आणि लोकवस्ती या विषयावर पुस्तक लिहिले आणि नेमके यावर बोट ठेवले. कारखान्याच्या खाजगी रेल्वेने उसासाठीची स्पर्धा संपवली आणि स्वतंत्र शेतकऱ्याला कारखान्याचा बांधील करून टाकले, असे त्यांनी दाखवून दिले. आकडेही तेच सांगत. बेटाच्या पश्चिम भागात जुनी सार्वजनिक रेल्वे होती, कारखाने जवळजवळ होते. तिथे कोलोनोला शंभर आरोबा उसामागे साधारण सहा-सात आरोबा साखरेचे मोल मिळे. पूर्वेकडे, जिथे खाजगी रुळांचे राज्य, तिथे पाचाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. ऊस तोच, साखर तीच. फरक रुळांच्या मालकीचा.

त्यातच १९२० साल आले. पहिल्या महायुद्धानंतर साखरेचा भाव असा चढला की मे महिन्यात पौंडाला साडेबावीस सेंटपर्यंत गेला. लोकांनी रान तोडून ऊस लावला, कर्जे काढली. डिसेंबर उजाडेपर्यंत भाव चार सेंटांच्या खाली कोसळला. बँका बुडाल्या, कोलोनो कर्जात रुतले, आणि कितीतरी कारखाने अमेरिकन बँकांच्या हाती गेले. ज्याला दुसरे दार नव्हते, त्याला पडेल तो भाव घेऊन गप्प बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. तोडणीसाठी तर १९१३ पासून हैती आणि जमैकातून स्वस्त मजूर बोटींनी आणले जात होते. त्यांची अवस्था कोलोनोहून कितीतरी वाईट.

रुळांबद्दल सरकारातही वाद झाले. १९२३ साली ताराफा कायदा म्हणून ओळखला जाणारा कायदा आला. कारखान्यांच्या खाजगी रेल्वे आणि खाजगी बंदरे यांना आळा घालावा असा मूळ विचार होता. पण मोठ्या कंपन्यांनी जोर लावला आणि चालू असलेल्यांपैकी बहुतेकांना सूट मिळाली. शेवटी कोलोनो मंडळी संघटित झाली. १९३७ साली साखरधंद्याच्या समन्वयाचा कायदा झाला. त्याने कोलोनोचा उसाचा कोटा ठरवून दिला, साखरेतला त्याचा वाटा कायद्याने बांधून दिला आणि तो कोटा पुरा करीत आहे तोवर त्याला जमिनीवरून हुसकावता येणार नाही अशी हमी दिली. रूळ कारखान्याचेच राहिले, पण कोलोनोच्या पायाखाली थोडी जमीन आली.

इंजिने म्हातारी का झाली नाहीत?

१९६० साली क्युबाच्या नव्या क्रांतिकारी सरकारने साखर कारखाने राष्ट्राच्या मालकीचे केले. अमेरिकेने व्यापार तोडला. १९६२ पासून तर पूर्ण बंदी. आता इंजिने सगळी अमेरिकन आणि सुटा भाग एकही मिळायचा नाही. त्यात बाल्डविनने स्वतःच वाफेची इंजिने बनवणे थांबवलेले. कोणीही म्हणाला असता, दहा वर्षांत ही इंजिने भंगारात जाणार. पण ती पुढे चाळीस वर्षे चालली. काही इंजिने तर एकोणिसाव्या शतकात बनलेली! हे कसे घडले?

पहिले कारण हंगाम. क्युबात गळिताच्या हंगामाला ‘साफ्रा’ म्हणतात. तो साधारण हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. उरलेल्या महिन्यांना तिथे नाव आहे ‘मेलेला काळ’. मजुरांच्या दृष्टीने ते नाव खरेच होते. काम नाही, मजुरी नाही. पण इंजिनांच्या दृष्टीने हाच जिवंत काळ. हंगाम संपला की इंजिन शेडमध्ये, चाके सुटी, बॉयलरच्या नळ्या बाहेर. वर्षातून काही महिनेच धावायचे आणि उरलेले महिने दुरुस्ती. असे जपलेले यंत्र शंभर वर्षे चालले तर नवल काय!

दुसरे कारण कारखान्याचे कसबी हात. साखर कारखाना मुळातच वाफेवर चालतो. बॉयलर समजणारे, नळ्या बसवणारे, लेथवर काम करणारे, ओतकाम करणारे लोक तिथे असतातच. बाल्डविनचा सुटा भाग मिळत नाही ना? मग साचा करा आणि ओता. एका इंजिनाचा बॉयलर, दुसऱ्याची चाके, तिसऱ्याची टाकी असे करत एक चालते इंजिन उभे करत. सोव्हिएत रशियाकडून डिझेल इंजिने आली, पुष्कळ कामे त्यांनी घेतली. पण १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला, डिझेलचे सुटे भाग आणि इंधन आटले. तेव्हा आजोबांच्या वयाची वाफेची इंजिने पुन्हा कामाला उभी होती. युरोप-अमेरिकेतले इंजिनवेडे लोक त्या वेळी कॅमेरे घेऊन क्युबाला जात. त्यांना तो चमत्कार वाटे. कारखान्यातल्या फिटरला मात्र ती रोजची नोकरी होती.

शेजारची बेटे

कॅरिबियनमधल्या इतर बेटांवरही कथा थोड्याफार फरकाने अशीच. सेंट किट्स या छोट्या बेटावर १९१२ साली एक मध्यवर्ती कारखाना झाला, मळ्यांवरचे लहान कारखाने मागे पडले. अडीच फुटी रूळ टप्प्याटप्प्याने वाढत १९२६ पर्यंत बेटाभोवती फिरले. २००५ साली तिथली साखर कायमची बंद झाली. त्याच रुळांच्या एका भागावर आज पर्यटकांची गाडी फिरते. त्रिनिदादमध्ये सेंट मॅडलीनच्या मोठ्या कारखान्याला रुळांवरून ऊस येई. तो ऊस लावणारे आणि तोडणारे बहुतांशी आपल्या देशातले. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार लोक गिरमिटावर तिकडे गेले. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे, काही मद्रासकडचे.

अँटिगा बेटावरच्या ‘जोन’ नावाच्या इंजिनाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९२७ साली इंग्लंडात बनलेले हे इंजिन अँटिगाच्या कारखान्याला ऊस ओढत राहिले. १९७१ साली ते विलायतेला परत नेले आणि आता वेल्समधल्या वेल्शपूल ते लॅनफेअर या हौशी लोकांनी जपलेल्या मार्गावर त्याची जागा आहे. हे का जमले? कारण दोन्हीकडच्या रुळांचे माप एकच, अडीच फूट. आणि हेच माप आपल्या बार्शी लाइटचे! १८९७ साली सुरू झालेली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांना विठोबाच्या दारी नेणारी ती छोटी गाडी आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत असेल.

बार्बाडोसवर तर उलटाच प्रकार. तिथे २०१९ साली एका जुन्या मळ्यावर पर्यटकांसाठी नवी रेल्वे सुरू केली आणि तिच्यासाठी जावा बेटावर साखर कारखान्यात राबलेले १९१४ सालचे जर्मन इंजिन आणले. उसाच्या इंजिनाने अर्धे जग ओलांडले, पण वास उसाचाच.

शिट्टी थांबली

क्युबात राष्ट्रीयीकरणानंतर रूळ कंपनीचे राहिले नाहीत, सरकारचे झाले. साऱ्या इंजिनांना एका यादीतले नवे क्रमांक मिळाले. मालक बदलला, पण शेतकऱ्याला गिऱ्हाईक एकच राहिले आणि किती गाळायचे ते वरून ठरू लागले. १९७० साली एक कोटी टन साखरेचे उद्दिष्ट ठरले. साऱ्या देशाला तोडणीला जुंपले, बाकीची कामे थांबवली. साखर झाली सुमारे ८५ लाख टन. आकडा त्या देशात आजवरचा सर्वांत मोठा, तरी उद्दिष्ट हुकले आणि बाकीच्या धंद्यांची घडी विसकटली.

सोव्हिएत संघ असेपर्यंत साखरेला चांगला भाव आणि बदल्यात तेल मिळे. १९८९ साली साखर सुमारे ८० लाख टन होती. १९९१ नंतर गिऱ्हाईक गेले, तेल गेले, खत गेले. २००२ साली सरकारने १५६ पैकी सत्तरच्या आसपास कारखाने एकदम बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यांच्याबरोबर इंजिनांची शेडही बंद झाली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत वाफेवरची नेहमीची ऊसवाहतूक संपली. रेमेदियोस गावाजवळचा मार्सेलो सालादो कारखाना आता साखरधंद्याचे संग्रहालय आहे. तिथे जुनी इंजिने रांगेत उभी आहेत.

साखरेचे काय? २०२३ साली क्युबात जेमतेम साडेतीन लाख टन साखर झाली. २०२५ च्या हंगामात दोन लाख टनांचाही टप्पा गाठला गेला नाही. ज्या देशाने जगाला साखर पुरवली, त्याची सगळी साखर आपल्याकडच्या एक-दोन मोठ्या कारखान्यांच्या हंगामाएवढी झाली. बाहेरून साखर आणायची पाळी त्याच्यावर आली.

आपण काय घ्यायचे?

कोणी म्हणेल, क्युबाचे आम्हाला काय? आमच्याकडे ना रूळ ना इंजिने. आमचा ऊस बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ट्रकमध्ये येतो.

बरोबर आहे. पण वाहन कोणतेही असो, प्रश्न तोच. वाहतूक कोणाच्या हातात आहे? पाळी कोण ठरवतो? काटा कोणाचा आहे, आणि तो पाहण्याचा अधिकार कोणाला आहे? दुसरे दार उघडे आहे की बंद? झोनबंदीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना एकाच दाराची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

क्युबाच्या कोलोनोपाशी ऊस होता, पण कारखान्यात त्याचा शेअर नव्हता, मत नव्हते, सभा नव्हती. म्हणून त्याला कायदा होईपर्यंत वाट पाहावी लागली. आपल्या हातात तिन्ही गोष्टी आहेत. पण हातात असलेली वस्तू वापरली नाही तर ती असून नसल्यासारखी. नोंद वेळेवर करा. पाळीपत्रक पाहा. काट्यावर उभे राहून वजन वाचा, पावती जपून ठेवा. तोडणी-वाहतुकीचा खर्च किती कापला आणि कशासाठी, ते विचारा. आणि वार्षिक सर्वसाधारण सभेला नुसती सही करून चहा पिऊन परत येऊ नका. शेवटपर्यंत बसा, बोला. कारभाऱ्यांनीही विचारणाऱ्याचा राग मानू नये. विचारणारा सभासद हा कारखान्याचा वैरी नव्हे, राखणदार आहे.

आणि आणखी एक. क्युबाच्या फिटरने मेलेल्या काळात इंजिन सोडवून, घासून, जोडून पुन्हा उभे केले म्हणून ते शंभर वर्षे चालले. आपल्या कारखान्याचेही तसेच आहे. हंगाम बंद असतो तेव्हाच पुढच्या हंगामाची खरी तयारी होते. यंत्रांची तशीच माणसांचीही.